गोडो ४ : विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर बसवायचंय, प्रोजेक्ट मात्र एकच

अर्धविराम

नमस्कार मंडळी. तिघे मिळून एक टू-डी गेम करतोय. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो ४ ठरलंय, पण यंत्रं तीन तऱ्हेची आहेत:

– विंडोज १० चा लॅपटॉप, इंटेल चौथ्या पिढीचा आय-५, ग्राफिक्स एचडी ४४००, रॅम ८ जीबी
– उबंटू २२.०४ चा डेस्कटॉप, एएमडीचं ग्राफिक्स कार्ड
– मॅकबुक एअर, एम१

कोड जीडीस्क्रिप्टमध्ये (गोडोची स्वतःची भाषा) आहे, पण तिघांपैकी एकाला सी-शार्प ही दुसरी भाषा वापरायचीय. अडचणी अशा:

१. अधिकृत साइट, स्टीम, उबंटूचं सॉफ्टवेअर सेंटर, फ्लॅटपॅक (लिनक्सवर), होमब्रू (मॅकवर)... यातलं नेमकं कुठून घ्यावं?
२. उबंटूवर झिप उघडून आतल्या फाइलवर डबल क्लिक केलं तर काहीच होत नाही. चूकसुद्धा दिसत नाही.
३. लॅपटॉपवर प्रोजेक्टच्या यादीची खिडकी नीट उघडते, पण प्रोजेक्ट उघडायला गेलं की व्हल्कनबद्दल तक्रार करून बंद पडतं. लॅपटॉप बादच धरायचा का?
४. एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स (तयार गेम बाहेर काढायला लागणाऱ्या फाइली) फार मोठे आहेत. तिन्हीकडे वेगवेगळे उतरवावे लागतात का?
५. पेन ड्राइव्हवर टाकून कुठेही चालवता येतं असं ऐकलंय. खरं आहे का?

---

काडेपेटी

आधी तिसऱ्याचं सांगतो, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. लॅपटॉप बाद नाही.

एचडी ४४०० म्हणजे हॅसवेल, इंटेलची चौथी पिढी. व्हल्कन म्हणजे प्रोग्रॅमने ग्राफिक्स चिपशी बोलायची एक पद्धत. इंटेलने विंडोजवर व्हल्कनचा ड्रायव्हर दिला तो सहाव्या पिढीपासून, म्हणजे स्कायलेकपासून. तुमच्या चिपला तो नाही आणि आता येणारही नाही, त्यामुळे ड्रायव्हर अपडेट करत बसू नका. गोडो ४ मध्ये तीन रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारे भाग) आहेत: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कम्पॅटिबिलिटी. पहिल्या दोघांना व्हल्कन किंवा त्याच्या तोडीचं काहीतरी लागतं, म्हणजे विंडोजवर डायरेक्ट-थ्री-डी १२ आणि मॅकवर मेटल. कम्पॅटिबिलिटीला ओपनजीएल ३.३, म्हणजे तसलंच पण जुनं, पुरतं आणि ते तुमच्या चिपमध्ये आहे.

यादीची खिडकी उघडते ती याच कारणाने: प्रोजेक्ट मॅनेजर मुळात ओपनजीएलवरच चालतो. तुम्ही प्रोजेक्ट उघडता तेव्हा इंजिन त्या प्रोजेक्टने मागितलेला रेंडरर सुरू करायला जातं आणि तिथे अडतं. म्हणजे 'खिडकी उघडली, अर्थात ग्राफिक्स ठीक आहे' असा निष्कर्ष काढता येत नाही.

उपाय: नवा प्रोजेक्ट करताना जी चौकट येते तिच्यातच कम्पॅटिबिलिटी निवडा. प्रोजेक्ट आधीच झाला असेल तर उबंटू किंवा मॅकवर उघडा, एडिटरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात रेंडररचं नाव दिसतं, तिथून बदला. एडिटर एकदा बंद होऊन परत उघडतो. दुसरं यंत्र हाताशी नसेल तर प्रोजेक्टच्या फोल्डरमधली प्रोजेक्ट-डॉट-गोडो फाइल नोटपॅडमध्ये उघडून रेंडरिंगच्या भागात हीच नोंद हाताने बदलता येते. ती साधी मजकुराची फाइल आहे.

अलीकडच्या आवृत्त्या व्हल्कन न मिळाल्यास आपणहून ओपनजीएलवर उतरतात. त्यावर विसंबू नका. तसं झालं तर लॅपटॉपवाल्याला गेम कम्पॅटिबिलिटीत दिसेल आणि बाकी दोघांना फॉरवर्ड प्लसमध्ये. मग प्रकाश, ग्लो, रंग यांवरून 'माझ्याकडे तर बरोबर दिसतंय' हा वाद रोज होईल. टू-डी गेम आहे, सगळ्यांनीच कम्पॅटिबिलिटी धरा. त्यात जे नाही (थ्री-डीतलं व्हॉल्युमेट्रिक धुकं, एसडीएफजीआय ही प्रकाशाची पद्धत, टू-डीतलं एचडीआर) ते बहुधा तुम्हाला लागणारही नाही.

आता पहिला प्रश्न. अधिकृत साइटवरची झिप घ्या, तिघांनीही. गोडोला इन्स्टॉलर असा नाहीच. जी फाइल उतरते तीच अख्खं इंजिन आणि एडिटर; काढून टाकायचं तर ती फाइल पुसायची. त्यामुळे सॉफ्टवेअर सेंटर, फ्लॅटपॅक अशा पॅकेज मॅनेजरचा जो नेहमीचा फायदा असतो, म्हणजे सोबतच्या लायब्रऱ्या सांभाळणं, तो इथे जवळपास शून्य. उलट प्रत्येक ठिकाणी आवृत्ती वेगळी निघते आणि गटात काम करताना तेच नडतं. ४.३ मधला प्रोजेक्ट ४.४ मध्ये उघडला की काही फाइली नव्या पद्धतीने लिहिल्या जातात, आणि मागे फिरणं दर वेळी सुखाचं नसतं. एक आवृत्ती ठरवा, तिसऱ्या आकड्यापर्यंत तीच ठेवा, आणि बदलायची तेव्हा तिघांनी एकाच दिवशी बदला.

स्टीमची प्रत वाईट नाही, पण ती स्वतःहून अपडेट होते, म्हणजे वरचं सगळं मुसळ केरात. शिवाय तिच्यात सी-शार्प नाही.

विंडोजवर झिपमध्ये दोन एक्झी मिळतात. एक नेहमीची, दुसरीच्या नावात कन्सोल असं असतं. दुसरी काळी खिडकी उघडून पहिलीलाच चालवते आणि सगळे संदेश, चुका तिथे दाखवते. एडिटर उघडण्याआधीच मरत असेल तर कारण कळायचा हाच सोपा रस्ता, म्हणून ती पुसू नका. पण ती पहिलीला नावावरून शोधते. एकीचं नाव बदललं आणि दुसरीचं तसंच ठेवलं तर ती चालत नाही. बदलायचं तर दोन्हींचं, तेही त्याच पद्धतीने.

झिपवर डबल क्लिक करून आतूनच चालवू नका. विंडोज ती एका तात्पुरत्या फोल्डरात काढतं आणि मग पिन केलेला शॉर्टकट दोन दिवसांनी कुठेच जात नाही. आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल. जागा कुठलीही चालेल, फक्त प्रोग्रॅम फाइल्स टाळा, तिथे इंजिनच्या शेजारी काही लिहायचं झालं तर ॲडमिनची परवानगी लागते. निळी स्मार्टस्क्रीन आली तर 'मोअर इन्फो', मग 'रन एनीवे'. नवी आवृत्ती आली की सुरुवातीचे काही दिवस ती दिसतेच. शंका असेल तर प्रत्येक आवृत्तीसोबत एसएचए-५१२ च्या बेरजांची (उतरलेली फाइल मूळचीच आहे का ते ताडायच्या आकड्यांची) फाइल असते, विंडोजमधल्या सर्टयुटिलने ताडून बघा.

---

टर्मिनलवाला

उबंटूबद्दल.

डबल क्लिकवर काही न होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: फाइलला चालवण्याची परवानगी नाही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परमिशन्स, तिथे 'अलाउ एक्झिक्युटिंग फाइल ॲज प्रोग्रॅम' वर खूण. टर्मिनलमध्ये तेच काम 'सीएचमॉड +एक्स' आणि पुढे फाइलचं नाव एवढ्यात होतं. त्यानंतरही पहिल्यांदा टर्मिनलमधूनच चालवा: त्या फोल्डरात जाऊन टिंब, तिरकी रेघ आणि फाइलचं नाव. डबल क्लिक चुका गिळतो, टर्मिनल दाखवतो.

खूण टिकतच नसेल, म्हणजे लावली, खिडकी बंद केली, परत उघडली आणि गायब, तर फाइल पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर आहे. फॅट३२ मध्ये चालवण्याची परवानगी ही गोष्टच अस्तित्वात नाही. उबंटू असा पेन ड्राइव्ह जोडताना फक्त एक्झी, कॉम, बॅट असं शेपूट असलेल्या फाइलींनाच चालवण्याजोगं समजतं आणि गोडोच्या लिनक्स फाइलचं शेपूट यातलं नाही. फाइल होम फोल्डरात आणा, प्रश्न मिटतो. पाचव्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यातच आलं.

मेनूत आयकॉन हवा असेल तर होममधल्या लपलेल्या लोकल फोल्डरात, शेअर, त्याच्या आत ॲप्लिकेशन्स, तिथे एक डेस्कटॉप फाइल करा. वर चौकोनी कंसात 'डेस्कटॉप एंट्री' हे शीर्षक, खाली चार ओळी पुरतात: टाइप, नेम, एक्झेक, आयकॉन. एक्झेकच्या ओळीत पत्ता मुळापासून पूर्ण लिहा. तिथे होमसाठीची लाट, म्हणजे टिल्ड, चालत नाही, आणि आयकॉन दिसतो पण दाबल्यावर काही होत नाही या तक्रारीचं मूळ नव्वद टक्के तेच.

कम्पॅटिबिलिटीच वापरणार असाल तरी व्हल्कन आहे की नाही एकदा बघून ठेवा, पुढे थ्री-डी काही करावंसं वाटलं तर. एएमडीसाठी मेसाचा (लिनक्सवरचे मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हर) व्हल्कन ड्रायव्हर हे पॅकेज लागतं, सहसा आधीच असतं. व्हल्कन-टूल्स टाकून व्हल्कनइन्फो समरीसह चालवा. यादीत तुमच्या कार्डाचं नाव दिसलं तर ठीक. नुसतं एलएलव्हीएमपाइप दिसलं तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. एडिटर उघडेल, पण साधी खिडकी ओढतानाही अडखळेल, आणि लोक दोष गोडोला देतील.

उबंटू २२.०४ च्या भांडारातलं गोडो घेऊ नका, ते ३ मालिकेतलं आहे. ४ मधला प्रोजेक्ट त्यात उघडत नाही. डेबियन १२ मध्येही तीच गत.

फ्लॅटपॅक चालतं, पण ते पिंजऱ्यात चालतं. एडिटरमधून बाहेरचा कोड एडिटर उघडायचा, ब्लेंडरची फाइल थेट आयात करायची, किंवा सिस्टिमवरचं जावा वा डॉटनेट सापडायला हवं, तर प्रत्येक वेळी पिंजऱ्याला भोक पाडावं लागतं. नुसती एक झिप उघडली की भागत असताना हा उद्योग कशाला?

वेलँडवर (लिनक्सवर खिडक्या दाखवायची नवी व्यवस्था) असाल तर: गोडो मुळात एक्स११ या जुन्या व्यवस्थेमार्गेच, म्हणजे एक्सवेलँडमधून उघडतं. पडद्याचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलं असेल तर अक्षरं पुसट दिसू शकतात. ४.३ पासून एडिटर सेटिंग्जमध्ये रन, प्लॅटफॉर्म्स, लिनक्सबीएसडी या खाली 'प्रिफर वेलँड' आहे. प्रायोगिक म्हणून आलेली सोय आहे. खिडक्या विचित्र वागल्या तर बंद करा, अक्षरं पुसट परवडली.

---

सफरचंदी

मॅकवर काम सर्वांत कमी, पण एक गोष्ट क्रमानेच करावी लागते.

झिप उघडली की गोडोचं ॲप मिळतं. ते आधी फाइंडरने ॲप्लिकेशन्समध्ये ओढा, मग उघडा. डाउनलोड्समधूनच उघडलं तर मॅकओएस इंटरनेटवरून आलेलं ॲप एका यादृच्छिक, फक्त वाचता येणाऱ्या जागेतून चालवतं. वरवर सगळं ठीक दिसतं, पण ॲपच्या दृष्टीने त्याचा पत्ता दर वेळी बदलतो, आणि इंजिनच्या शेजारच्या फोल्डरवर अवलंबून असलेली कुठलीही सोय बिनसते. फाइंडरने हलवलं की हा प्रकार थांबतो.

अधिकृत प्रत ॲपलकडून नोटराइज, म्हणजे तपासून मान्य, केलेली असते, त्यामुळे 'इंटरनेटवरून उतरवलेलं आहे, उघडू का' एवढाच प्रश्न येतो. कुणी स्वतः कंपाइल करून पाठवलेली प्रत असेल तर अडेल. आधी राइट क्लिक करून ओपन म्हटलं की सुटायचं. मॅकओएस १५ पासून ती वाट बंद आहे. सिस्टिम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली जाऊन 'ओपन एनीवे'.

एम१ आणि इंटेल दोन्हींसाठी एकच ॲप आहे, निवडायचं काही नाही. फॉरवर्ड प्लस वापरलंत तर ४.४ पासून ॲपल सिलिकॉनवर ते थेट मेटलवर चालतं, त्याआधी मोल्टनव्हीके या व्हल्कनच्या दुभाष्यामधून जायचं. होमब्रू वापरायचं तर कास्क (होमब्रूचं ॲप-पॅकेज) म्हणून गोडो आहे, सी-शार्पचं गोडो-मोनो या वेगळ्या नावाने. पण काडेपेटींचं आवृत्तीचं म्हणणं लक्षात ठेवा, सगळ्या पॅकेजांना एकदम 'ब्रू अपग्रेड' म्हटलं की गोडोही वर सरकतं.

टर्मिनलमधून चुका बघायच्या तर ॲपच्या पोटात कंटेंट्स, मॅकओएस, त्यात गोडो नावाची खरी फाइल आहे, ती चालवा.

एक पुढचं सांगून ठेवतो. मॅकसाठीचा गेम विंडोजवरून एक्स्पोर्ट करता येतो, पण तो झिप म्हणूनच काढा. विंडोजवर नुसतं ॲपचं फोल्डर काढलं तर चालवण्याची परवानगी गळून पडते, आणि मॅकवर ते 'उघडता येत नाही' एवढंच म्हणतं. एम१ साठी बनवलेलं काहीच सहीशिवाय चालत नाही, किमान ॲड-हॉक (ॲपलच्या प्रमाणपत्राशिवायची) सही लागतेच. गोडो ४ ती कुठल्याही सिस्टिमवरून करू शकतं, एक्स्पोर्टच्या सेटिंग्जमध्ये ती बंद करू नका. आयओएसला मात्र मॅक आणि एक्सकोड यांवाचून गत्यंतर नाही.

---

शून्यभागिले

सी-शार्पबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून.

'तिघांपैकी एकाला सी-शार्प' असं होत नाही. प्रोजेक्टमध्ये एक जरी सी-शार्पची फाइल आली तरी तिघांनाही डॉटनेटवाली (सी-शार्प चालवणारी) प्रत लागते. साधी प्रत तो प्रोजेक्ट उघडेल, पण ती स्क्रिप्ट जिथे लावली आहे ते नोड (गेममधले घटक) मुके राहतील.

डॉटनेटवाली प्रत एक फाइल नसते. सोबत गोडोशार्प नावाचं फोल्डर असतं आणि ते एक्झीच्या शेजारीच असावं लागतं. फक्त एक्झी डेस्कटॉपवर उचलून ठेवली की एडिटर सुरुवातीलाच डॉटनेटच्या फाइली सापडत नाहीत म्हणून थांबतो. शॉर्टकट करा, फाइल हलवू नका.

वेगळं डॉटनेट एसडीके, म्हणजे प्रोग्रॅम बनवायची साधनं, लागतं. ४.४ पासून ८ वी आवृत्ती, त्याआधीच्या ४ मालिकेला ६ वी पुरत होती. नुसता रनटाइम (फक्त चालवणारा भाग) नको, एसडीकेच. आहे की नाही ते टर्मिनलमध्ये डॉटनेटला एसडीकेंची यादी मागितली की कळतं. यादी रिकामी आणि तरी 'मी डॉटनेट टाकलंय' असं वाटत असेल तर रनटाइमच टाकलेला असतो. विंडोजवर ३२ आणि ६४ बिट दोन्ही असतील तर पाथमध्ये आधी कुठला येतो तेही बघा.

आणि ठरवण्याआधी हे माहीत असू द्या: गोडो ४ मधला सी-शार्पचा प्रोजेक्ट वेबसाठी एक्स्पोर्ट होत नाही. ब्राउझरमध्ये खेळता यावा असं मनात असेल तर त्या एकाला जीडीस्क्रिप्ट शिकवा. ज्याला सी-शार्प येतं त्याला फार वेळ लागत नाही.

---

अर्धविराम

सगळ्यांचे आभार. सी-शार्प रद्द, वेब हवंच आहे. तिन्हीकडे आता साधी ४.४.१ आहे, रेंडरर कम्पॅटिबिलिटी. लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडला. उबंटूवर फाइल खरंच पेन ड्राइव्हवर होती.

दोन नवी दुखणी. विंडोजवर नीट दिसणारी दोन चित्रं उबंटूवर लोड होत नाहीत, फाइल सापडत नाही म्हणतं. फाइल तर तिथेच आहे. आणि विंडोजवर उतरवलेले टेम्प्लेट्स उबंटूवर योग्य फोल्डरात कॉपी केले तरी एक्स्पोर्टच्या खिडकीत 'टेम्प्लेट्स नाहीत' असंच लाल अक्षरांत येतं.

---

टर्मिनलवाला

चित्रांचं: नावातली लहान-मोठी अक्षरं ताडून बघा. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल आणि कोडमध्ये स्मॉल असं असणार. विंडोज आणि मॅक सहसा दोन्ही एकच मानतात, लिनक्स मानत नाही. आणि एक्स्पोर्ट केलेला गेम तर कुठल्याच सिस्टिमवर मानत नाही, कारण तिथे फाइली पीसीके या एकत्रित फाइलच्या पोटात असतात. म्हणजे उबंटूवर हे आत्ता दिसलं ते बरं. नाहीतर विंडोजवर एडिटरमध्ये चालणारा गेम एक्स्पोर्ट केल्यावर विंडोजवरच फुटला असता.

नाव बदलायचं ते गोडोच्या फाइलसिस्टिम पॅनलमधून, म्हणजे सीनमधले संदर्भही बदलतात. कोडमध्ये हाताने लिहिलेले पत्ते शोधून वेगळे बदला. गिट (कोडमधले बदल नोंदवून वाटायचं साधन) वापरत असाल तर विंडोजवर केवळ अक्षराचा आकार बदलल्याचं गिटला कळतही नाही. आधी भलतंच नाव द्या, कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), मग हवं ते. यापुढे सगळी नावं लहान अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर. गोडोची स्वतःची रीतही तीच आहे.

---

काडेपेटी

टेम्प्लेट्सचं. फाइल तिन्हीकडे तीच चालते, कारण त्या एकाच गठ्ठ्यात सगळ्या प्लॅटफॉर्मचे टेम्प्लेट्स असतात. म्हणूनच ती सुमारे एक जीबीची आहे. एकदा उतरवा आणि टीपीझेड फाइल जपून ठेवा. मग प्रत्येक यंत्रावर एडिटर मेनू, 'मॅनेज एक्स्पोर्ट टेम्प्लेट्स', तिथे 'इन्स्टॉल फ्रॉम फाइल'. हाताने कॉपी करायची गरजच नाही.

तरी हाताने केलंत तर दोन ठिकाणी चुकतं. टीपीझेड ही आतून झिपच आहे आणि उघडली की टेम्प्लेट्स नावाचं एक फोल्डर निघतं. ते फोल्डर नको, त्यातल्या फाइली हव्यात, आणि त्या आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरात थेट असायला हव्यात. तुमच्या बाबतीत ते नाव ४.४.१ आणि पुढे टिंब देऊन स्टेबल. दुसरी चूक म्हणजे आवृत्तीचा तिसरा आकडा. ४.४ चे टेम्प्लेट्स ४.४.१ ला चालत नाहीत, इंजिन हुबेहूब तेच नाव शोधतं.

मूळ जागा: विंडोजवर ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये गोडो, लिनक्सवर होममधल्या लपलेल्या लोकलमध्ये शेअर आणि त्यात गोडो, मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये गोडो. तिन्हीकडे त्याच्या आत एक्स्पोर्ट-टेम्प्लेट्स. लिनक्सवर एक खाचखळगा आहे: तिथे गोडोच्या नावात पहिलं अक्षर स्मॉल आहे, विंडोज-मॅकवर कॅपिटल. कॉपी करताना विंडोजसारखं नवं फोल्डर तुम्हीच केलं असेल तर तिथे इंजिन बघणारही नाही.

राहिला पेन ड्राइव्ह. इंजिनच्या शेजारी अंडरस्कोर-एस-सी-अंडरस्कोर या नावाची रिकामी फाइल ठेवली की सेटिंग्ज, टेम्प्लेट्स सगळं शेजारच्या एडिटर-डेटा फोल्डरात जातं, यंत्रावर काही राहत नाही. विंडोजवर शेपटं लपवलेली असतील तर नोटपॅड गुपचूप टीएक्सटी जोडतं आणि मग काहीच फरक पडत नाही. व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स दिसू द्या. स्टीमची प्रत आपोआप याच पद्धतीने चालते, म्हणून साइटवरच्या प्रतीसाठी उतरवलेले टेम्प्लेट्स तिला दिसत नाहीत. पेन ड्राइव्हवरून एडिटर चालतो, पण प्रोजेक्ट तिथे ठेवू नका. आयात करताना शेकडो बारीक फाइली लिहिल्या जातात आणि स्वस्त पेन ड्राइव्ह त्यातच झोपतो.

---

सफरचंदी

गिटचा विषय निघालाच आहे तर: प्रोजेक्टमधलं टिंब-गोडो नावाचं लपलेलं फोल्डर गिटमध्ये घालू नका, एकमेकांना पाठवूही नका. ते त्या यंत्रापुरतं साठवण आहे. काही विचित्र दिसायला लागलं तर एडिटर बंद करून ते पुसा, पुन्हा उघडताना इंजिन सगळं नव्याने आयात करतं. पण प्रत्येक चित्राशेजारची इम्पोर्ट फाइल आणि ४.४ पासून स्क्रिप्टशेजारी येणारी यूआयडी (ओळखक्रमांकाची) फाइल या दोन्ही कमिट करायच्या. यूआयडी वगळल्या तर प्रत्येक यंत्र आपापल्या नव्या तयार करतं आणि संदर्भ जुळत नाहीत. आणि प्रोजेक्टचं फोल्डर आयक्लाउड किंवा वनड्राइव्हच्या समक्रमित जागेत ठेवू नका, आयात चालू असताना ते फाइली धरून बसतात.

---

शून्यभागिले

वेब हवंय म्हणता आणि गेममधला मजकूर मराठीत असेल, तर आत्ताच हे करून घ्या. गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही. तरी एडिटरमध्ये आणि डेस्कटॉपवर मराठी दिसतं, कारण अक्षर सापडलं नाही की इंजिन सिस्टिमचा फाँट घेतं. म्हणजे विंडोजवर एक, मॅकवर दुसरा, लिनक्सवर तिसरा, आणि रुंदी वेगळी असल्याने तुमची बटणं तिन्हीकडे वेगळी ताणली जातात. ब्राउझरमध्ये सिस्टिमचा फाँट मिळतच नाही, तिथे सगळ्या मजकुराच्या जागी चौकोन येतात.

नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यापैकी एक फाँट प्रोजेक्टमध्ये टाका, दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. मग प्रोजेक्ट सेटिंग्ज, जीयूआय, थीम, तिथे 'कस्टम फाँट' मध्ये तो द्या. जोडाक्षरं, वेलांट्या गोडो ४ च्या अधिकृत प्रतीत बरोबर जुळतात. ३ मालिकेत ती तुटायची, म्हणून जुन्या धाग्यांमधले फाँटचे जुगाड आता वापरू नका. कुणी आकार कमी करायला स्वतः कंपाइल केलेले टेम्प्लेट्स देऊ केले आणि त्यात प्रगत टेक्स्ट सर्व्हर (अक्षरं जुळवणारा भाग) वगळला असेल, तर 'क्ष' पुन्हा फुटेल.

फाँटमध्ये मराठी ठीक, फोल्डरच्या नावात नको. गोडोला ते चालतं, पण उद्या अँड्रॉइडसाठी बिल्ड करायला गेलात तर ग्रेडल हे बिल्डचं साधन विंडोजवर देवनागरी पत्ता बघून नकार देतं. अँड्रॉइडसाठी जेडीके (जावाची साधनं) १७ घ्या, त्याहून नवं घेऊन ग्रेडलशी झटापट नको. जावा आणि अँड्रॉइड एसडीके यांचे पत्ते एडिटर सेटिंग्जमध्ये एक्स्पोर्ट, अँड्रॉइड या खाली द्यायचे, आणि ते प्रत्येक यंत्रावर वेगळे द्यावे लागतात, प्रोजेक्टबरोबर जात नाहीत.

---

अर्धविराम

टेम्प्लेट्स दिसले. फोल्डरात फोल्डर झालं होतं, आणि वर गोडोचं पहिलं अक्षरही कॅपिटल. इन्स्टॉल फ्रॉम फाइलने एका फटक्यात झालं. चित्रांच्या नावांचंही तेच, दोन्हींत पहिलं अक्षर. मुक्ता टाकून वेबचं एक्स्पोर्ट केलं, पण बनलेली एचटीएमएल फाइल डबल क्लिक करून ब्राउझरमध्ये उघडली तर नुसती काळी खिडकी आणि चूक. याला वेगळं काही लागतं का?

---

काडेपेटी

फाइल थेट उघडून वेबचा गेम चालत नाही, ब्राउझर शेजारच्या वॅझम (इंजिनचा कोड) आणि पीसीके फाइली तशा वाचू देत नाही. सर्व्हर लागतो. चाचणीपुरतं एडिटरच्या वरच्या उजव्या बाजूला रिमोट डिप्लॉयचं बटण आहे, ते दाबून 'रन इन ब्राउझर' निवडा, गोडो स्वतःच छोटा सर्व्हर उघडतं. वेबचं एक्स्पोर्ट प्रिसेट 'रनेबल' असल्याशिवाय ते बटण चालू होत नाही. आणि एक्स्पोर्टच्या सेटिंग्जमध्ये 'थ्रेड सपोर्ट' (एकाच वेळी अनेक कामं चालवायची सोय) बंद ठेवा. चालू असेल तर सर्व्हरला दोन जादा हेडर (फाइलीसोबतच्या सूचना) पाठवावे लागतात आणि बऱ्याच फुकट होस्टिंगवर ते आपल्या हातात नसतात. ४.३ पासून थ्रेडशिवायचं वेब एक्स्पोर्ट आहे, टू-डीला ते पुरतं.